गुलाबी मिठाची वानगी

माझी चूक अशी, की मी परक्या देशातल्या एका तळ्यातलं मूठभर मीठ उचललं आणि त्यावर रुमाल टाकला. एवढंच. उचलायचं काही कारण नव्हतं, रुमाल टाकायचं तर त्याहून नव्हतं... पण माझ्या हातांना डोकं जोडलेलं आहे असं आमच्या घरात कोणी मानत नाही.

आधी एक सांगून टाकतो, म्हणजे नंतर तुम्ही मला त्यातला समजणार नाही. भूत, बाधा, चकवा असल्या प्रकारांवर माझा कधीही विश्वास नव्हता. बिबवेवाडीत बागेतल्या बाकावर आमचा सकाळचा कट्टा भरतो. तिथल्या एका गृहस्थांना खडकवासल्याहून परतताना रस्त्याच्या कडेला पांढऱ्या साडीतली बाई दिसली होती. ते अगदी रंगात येऊन सांगत होते, आणि मी मध्येच विचारलं, "बाई दिसली, की घरी उशिरा पोचायला कारण दिसलं?" कट्टा हसला. ते गृहस्थ अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. आता हे छापून आलं की ते वाचतील, आणि त्यांना जो आनंद होईल तो मला इथूनच दिसतोय. होऊ दे.

पुढचं कळायला माझा धंदा थोडा समजून घ्यावा लागेल. मी मार्केट यार्डातला आडत्या. म्हणजे शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला विकून द्यायचा आणि दोघांच्याही शिव्या खायच्या. गाळा वडिलांचा, म्हणजे अण्णांचा. कॉलेजात दोनदा नापास झाल्यावर त्यांनी मला तिथे आणून बसवलं आणि पहिल्या दिवशी वानगी कशी घ्यायची ते शिकवलं. पोत्यात हात घालायचा, मूठभर माल काढायचा, तळहातावर पसरायचा, दोन दाणे दाताखाली घालायचे. ही वानगी. माल नको असेल तर वानगी परत त्याच पोत्यात टाकायची, म्हणजे विकणारा समजतो आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. मूठ मिटून उभं राहायचं नाही, वानगी खिशात तर टाकायचीच नाही. तसं केलं की त्याच्या दृष्टीने तुम्ही सौद्याला बसलात.

आणि भाव? आता सगळा उघड लिलाव असतो. पण अण्णांच्या काळात भाव तोंडाने बोलत नसत. दोघांनी हात पुढे करायचे, वर रुमाल टाकायचा आणि रुमालाखाली बोटं धरून भाव सांगायचा. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन. एक म्हणजे काय आणि दोन म्हणजे काय, ते सांगावं लागत नसे, माल बघून दोघांनाही ठाऊक असे. समोरच्याने तळहातावर थाप मारली की सौदा पक्का. मग तो रुमालाची व्यवस्थित घडी घालणार. सौदा फिसकटला तर रुमाल झटकून खांद्यावर टाकणार. लांबून नुसता रुमाल बघितला तरी गाळ्यावरचा हमाल सांगायचा, जमलं की नाही ते.

मी नवीन असताना एकदा रुमालाखाली हात गेलेला असतानाच बोटांना खाज आली. खाजवायला गेलो आणि भिजलेला हरभरा गळ्यात घेऊन बसलो. संध्याकाळी गाळा बंद करताना अण्णा म्हणाले, "समोर माल कोणता आहे ते कळल्याशिवाय बोट हलवू नये. इतपत तरी जमेल का?"

जमलं होतं की हो! पुढे सगळं आयुष्य जमलं होतं.

गेल्या वर्षी गाळा भाच्याच्या ताब्यात दिला आणि आम्ही दोघं ऑस्ट्रेलियात मुलीकडे गेलो. मुलगी मुक्ता, पर्थला असते. जावई खाणीवर कामाला, पंधरवडाभर तिकडेच राहतो. तो नसताना मुक्ताने ठरवलं की आई-बाबांना गाडीने समुद्राच्या कडेकडेने उत्तरेला फिरवून आणायचं. गाडी तीच चालवणार. मी शेजारी.

"बाबा, तुमच्या बाजूला ब्रेक नाहीये," ती दर अर्ध्या तासाने म्हणायची. "पाय दाबून काही होणार नाही."

मागे आमची ही, म्हणजे नंदा. मांडीवर ठेपल्यांचा डबा, शेजारी काठी. हिचे गुडघे गेलेले. जिन्याच्या तीन पायऱ्या चढायच्या तरी आधी देवाचं नाव घेते आणि मग माझं, अर्थात वेगळ्या सुरात. हे लक्षात ठेवा.

एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, असा तो रस्ता. जेराल्डटन नावाचं गाव मागे पडलं, आणखी तासभर गेलो आणि मुक्ता म्हणाली, "आता डावीकडे बघा."

तळं गुलाबी होतं. म्हणजे गुलाबीसर, संध्याकाळच्या उजेडात भासतं तसलं नव्हे. भर उन्हात, वर आभाळ निळं ठणठणीत, आणि खाली पानवाल्याकडच्या बडीशेपेच्या गुलाबी गोळ्या विरघळवल्यासारखं मैलोगणती पाणी. काठाला मिठाची पांढरी कड. पलीकडे वाळूच्या टेकड्या आणि त्यांच्यामागे खरा, निळा समुद्र गरजत होता. आवाज यायचा, दिसायचा नाही.

"कोणी रंग टाकलाय?" मी विचारलं.

"शेवाळ असतं बाबा, एक प्रकारचं. खारट पाण्यात वाढतं, त्याने होतं. याचं नाव हट लगून."

तळ्याचं नावच हट! पुण्यात आम्ही दारातल्या कुत्र्याला म्हणतो ते. इतकं स्पष्ट सांगितलेलं असूनही मी खाली उतरलो.

एक व्हॅन आम्ही पोचताना निघून गेली, मग तिथे आम्ही तिघंच. ही गाडीतून उतरली, दाराला धरून उभी राहिली, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "मला नाही आवडलं. हिरडीसारखा रंग आहे."

आणि ते तसंच होतं हो! तिने म्हटल्यावर मला दुसरं काही दिसेना. गुलाबी ओली हिरडी आणि कडेला मिठाचे दात.

"मी बसते इथेच. तुम्ही या बघून," असं म्हणून ती परत गाडीत बसली. मुक्ता तिच्याजवळ थांबून डबा उघडायला लागली. मी काठाकडे निघालो.

"बाबा, काही उचलू नका हं. इथे चालत नाही."

"फक्त बघतो."

"तुमचं बघणं मला माहितीये."

माशा प्रचंड होत्या. तिकडच्या माशा आपल्यासारख्या अन्नावर बसत नाहीत, थेट डोळ्यांत, नाकात, कानात शिरतात. मी एका हाताने त्या वारत, मिठाच्या कवचावर करकर पाय टाकत पाण्यापाशी गेलो. आणि समोर मैलोगणती माल पसरलेला. उघडा. राखण नाही, आडत्या नाही, हमाल नाही. चाळीस वर्षं मार्केट यार्डात काढलेल्या माणसाने काय करावं? मी एक चांगला लाडवाएवढा गुलाबी खडा फोडला आणि शर्टाच्या खिशात टाकला, कट्ट्यावर दाखवायला. मग उकिडवा बसलो, मूठभर मीठ उकरलं, तळहातावर पसरलं आणि चिमूट तोंडात टाकली.

खारट होतं, ते असणारच. पण खारटपणा ओसरल्यावर मागून एक चव आली... ओठ फुटल्यावर आपण जीभ लावतो, तेव्हा लागते ती.

माशा मिठावर यायला लागल्या. आणि मी... सांगताना आजही माझाच मला राग येतो... मी खांद्यावरचा रुमाल काढला. अण्णांच्या वेळेपासूनची सवय, मोठा लाल चौकडीचा रुमाल खांद्यावर असतोच. तो हातावर टाकला. माशा बसू नयेत म्हणून. बाकी माझ्या मनात काही नव्हतं.

उजवा हात पुढे, तळवा वर, त्यात वानगी, त्यावर रुमाल. कसा बसलोय मी, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

माशा गेल्या.

उडून गेलेल्या मी पाहिल्या नाहीत. कानाशी सारखी चाललेली भुणभुण होती ती थांबली, आणि मग कळलं की टेकड्यांमागचा समुद्रही थांबलाय. ऊन होतं तसंच होतं. मी "मुक्ता" म्हणून मागे वळणार, तेवढ्यात रुमालाखाली माझ्या हाताला हात लागला.

पहिल्यांदा मला वाटलं, मुक्ताच. मागून येऊन चेष्टा करतेय. मी हसलोसुद्धा. मग समोर बघितलं. रुमालाचं माझ्याकडचं टोक माझ्या मनगटावरून खाली लोंबत होतं. पलीकडचं टोकही कुणाच्या तरी मनगटावरून पडावं तसं पडलं होतं. नीट, गोलाई धरून. पण त्या रुमालाखालून बाहेर येणारं मनगट नव्हतं. त्यापलीकडे गुलाबी पाणी होतं.

तो हात गार नव्हता. गार असता तर एक वेळ चाललं असतं, ऐकीव गोष्टींतलं काहीतरी निघालं असतं. हा कोमट होता. कोरडा, खरखरीत, घट्टे पडलेला. सराईत हात! त्याने माझ्या तळहातावरच्या मिठाला धक्का लावला नाही. खालून माझा पंजा तोलून धरला आणि अंगठ्याने मनगटाजवळ एकदा हलकेच दाबलं. मार्केट यार्डात याचा एकच अर्थ होतो. बोला.

मला ओरडायचं होतं. पण तोंड उघडलं तर जिभेवर नुसती ती चव. हात ओढायचा होता, तो ओढला जात नव्हता... धरून ठेवलेला म्हणून नव्हे. त्याने तर अगदी अलगद धरलं होतं. त्याला घाई नव्हती. पुन्हा अंगठा दाबला. बोला.

आणि माझ्या बोटांनी उत्तर दिलं. मी नाही हो, बोटांनी! चाळीस वर्षांत रुमालाखाली कोणी बोला म्हटलं आणि मी गप्प राहिलो असं झालेलं नाही. माझ्या अंगठ्याने आणि करंगळीने मूठ सांभाळली आणि मधल्या बोटांनी त्याची दोन बोटं धरून दाबली.

दोन.

क्षणभर काही झालं नाही. मग रुमालाखाली, माझ्या मुठीच्या खालच्या बाजूला, थाप पडली. घट्ट. पक्का झाल्याची.

मी मागे कोसळलो. रुमाल कुठे पडला ते बघितलं नाही. डोक्यात एकच गोष्ट घण घालत होती. दोन म्हणजे काय, ते माल बघून दोघांनाही ठाऊक असतं... मला ठाऊक नव्हतं. त्याला असणार.

मी गाडीकडे बघितलं. दोन्ही दारं सताड उघडी. ठेपल्यांचा डबा टपावर. हिची काठी बॉनेटला टेकवून ठेवलेली.

त्या दोघी तळ्यात होत्या.

माझ्या डाव्या हाताला, पार आत, एकीमागे एक चालल्या होत्या. मुक्ता पुढे आणि एक पाऊल मागे नंदा. इतक्या आत जायला माणसाला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ गेलेला नव्हता. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलेलं. आणि ही... बिबवेवाडीत पावसाळ्यात डबकं दिसलं तर रिक्षा करणारी, तीन पायऱ्यांना देवाला वेठीला धरणारी ही बाई... काठीशिवाय ताठ चालत होती. लग्नात पाहिली होती तशी.

"मुक्ता!" मी ओरडलो. "अगं ए!" मग आयुष्यात कधी मारली नव्हती ती हाक मारली, "नंदा!" आवाज माझ्या तोंडासमोरच पडत होता. गादीत ओरडल्यासारखा. एकीनेही मान वळवली नाही. त्या समोर बघत होत्या, आणि मुक्ताने मध्येच हात वर करून कोणाला तरी "आलो, आलो" असं केलं.

समोर कोणी नव्हतं.

मी पळत सुटलो. चौथ्या-पाचव्या पावलाला कवच फुटलं, पाय आत गेला आणि मी तोंडावर आपटलो. उठलो, पुन्हा पडलो. कोपर फुटलं, मीठ त्यात शिरलं, डोळ्यांपुढे काजवे. हात टेकून उठायला गेलो तेव्हा दिसलं, की एवढं सगळं होऊन माझी उजवी मूठ अजून मिटलेली आहे. दोनदा पडूनही उघडलेली नाही.

वानगी माझ्याच हातात होती!

मला अण्णांची आठवण झाली असं म्हणायला बरं वाटेल, पण तसं काही झालं नाही. मला फक्त भीती वाटत होती, आणि भीतीत माणूस जे येतं ते करतो. मला एवढंच येतं. मी गाळ्यावर ओरडायचो त्या आवाजात ओरडलो, "नको! माल नको आपल्याला! घे परत!" आणि मूठ पाण्यावर उघडली. मीठ हाताला चिकटून बसलं होतं. नखांनी खरवडून काढलं, तळवा पाण्यात घासला.

मुक्ता थांबली. झोपेतून उठल्यासारखी स्वतःच्या पायांकडे बघायला लागली.

ही चालतच होती.

पाणी गुडघ्याला लागलं. मुक्ता आता तिला हाका मारत होती, मी मारत होतो, ही थांबेना. मुक्ता पळायला गेली आणि तिचा पाय रुतला. "बाबा, चिखल आहे! आईला थांबवा!" आणि मी वेड्यासारखा माझी मूठ बघतोय. रिकामी. सगळं परत दिलं. मग ही का चाललीय? काय राहिलं? काय राहिलं?

खिसा.

तो खडा खिशातून निघेना. शिवण उसवली, खिसा फाटला. मी तो होता नव्हता तेवढा जोर लावून फेकला. गुलाबी पाण्यात कुठेतरी डुबुक झालं.

ही थांबली. एकदम वाकली आणि तिने दोन्ही हातांनी गुडघे धरले. "आई गं," म्हणाली. ते "आई गं" मला इतक्या लांबून स्वच्छ ऐकू आलं, कारण आता समुद्राचा आवाज परत आला होता आणि माझ्या तोंडावर माशा होत्या.

मुक्ताने आणि मी तिला दोन बाजूंनी धरून बाहेर आणलं. किती वेळ लागला देव जाणे. ती पावलोपावली कण्हत होती. काठावर आल्यावर तिने माझ्याकडे बघितलं, मग वळून तळ्याकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे.

"अहो, तुम्ही इकडे कसे?"

"म्हणजे?"

"तुम्ही तर तिथे होतात." तिने जिथे बोट दाखवलं तिथे सपाट गुलाबी पाणी होतं. "कधीचे बोलावत होतात. मी म्हटलं काहीतरी झालंय यांना."

"बाबा, मीपण बघितलं," मुक्ता म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "तुम्ही आत उभे होतात. हातावर रुमाल होता आणि हात असा पुढे केला होता."

"चेहरा दिसला माझा?"

मुक्ता पायांवरचं मीठ पुसायला लागली.

"ऊन डोळ्यांवर होतं," शेवटी मुक्ता म्हणाली.

मला तिथून तत्काळ निघायचं होतं. पण मुलगी तिकडच्या शिस्तीत मुरलेली. गाडी सुरू केली आणि म्हणाली, "बाबा, तुमचा रुमाल राहिला तिथे. असं टाकून नाही जाता येत." मी म्हटलं दंड भरतो. ती उतरायला लागली. तिला तिथे पाठवणं शक्यच नव्हतं, म्हणून मी गेलो.

मिठाचं कवच पावलांच्या खुणा छान धरून ठेवतं. माझ्या खुणा होत्या, येणाऱ्या. मी जिथे उकिडवा बसलो होतो तिथे दोन खळगे पडले होते, माझ्या वजनाला शोभतील असे. आणि त्यांच्या समोर, हातभर अंतरावर, माझ्याकडे तोंड करून कोणी उकिडवं बसावं तसे दुसरे दोन खळगे. त्यांच्याकडे येणारी खूण नव्हती, तिथून जाणारी नव्हती.

मध्ये माझा रुमाल होता. पडलेला नव्हता. व्यवस्थित चौकोनी घडी घालून ठेवलेला होता.

मी त्याला हात लावला नाही. मुक्ताला सांगितलं, वाऱ्याने उडाला. 

आता स्पष्टीकरणं. मुक्ता म्हणते ऊन लागलं, तिघांनाही. गुलाबी पाण्यावरून येणाऱ्या तिरिपीने डोळे फसतात, म्हणून माणूस दिसला. तिने नंतर वाचलं, की तिथे आतला चिखल काही ठिकाणी इतका मऊ असतो की अडकलेल्याला एकट्याने निघता येत नाही. हे वाचल्यापासून ती स्पष्टीकरणं जरा कमी देते. ओळखीच्या डॉक्टरांच्या मते हात उन्हात आखडला आणि बाकी माझी कल्पनाशक्ती. हात आखडणं मला मान्य आहे. आखडलेला हात रुमालाची घडी घालतो का, एवढंच मी त्यांना विचारलं. त्यांनी फी घेतली नाही, आणि आमचे डॉक्टर फी घेत नाहीत म्हणजे काय ते पुण्यात राहणाऱ्यांना सांगायला नको.

आणि एक राहिलं. मूठ परत दिली, खडा परत दिला. तोंडात टाकलेली चिमूट मात्र पोटात गेली होती, ती कशी देणार? त्या दिवसापासून मला मीठ लागत नाही. आंबट कळतं, गोड कळतं, मिरचीने डोळ्यांत पाणी येतं. खारट तेवढं नाही. तपासण्या झाल्या, सगळं नॉर्मल. मी हे घरात कोणाला सांगितलं नव्हतं. पानातलं मुकाट्याने खायचो. बायकोला वाटत होतं, परदेशातून नवरा सुधारून आलाय.

गेल्या महिन्यात हिने गडबडीत आमटीत दोनदा मीठ घातलं. मी दोन वाट्या भुरकल्या आणि तिसरी मागितली. मग ही जेवायला बसली. पहिला घास तोंडात घातला, तसाच बेसिनमध्ये टाकून आली, आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"आता तिकडे काय झालं ते सगळं नीट सांगा. गाळायचं नाही."

सांगितलं. खडा, चिमूट, रुमाल, तो कोमट हात, दोन बोटं, थाप, घडी. तिला हे सगळं पहिल्यांदा कळत होतं. मला वाटलं रडेल, निदान देवापाशी जाईल. ती शांतपणे ऐकत होती. खिडकीतून कुणाच्या तरी कुकरची शिट्टी आली. ती संपल्यावर हिने विचारलं,

"तिथे आपण माणसं किती होतो?"

"तीन."

"आणि तुम्ही दोन सांगितलेत."

"अगं, विचार करून नाही सांगितले. बोटं दाबली गेली. सवयीने..."

"सवयीनेच म्हणतेय मी. स्वतःला बरोबर वगळलंत."